दीडपट मोठं अंतराळयान

मुलांनो, आणि हे पान मुलांच्या आधी गुपचूप वाचून काढणाऱ्या आई-बाबांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालते.

एक खोकं आहे. आत प्लॅस्टिकचे रंगीत ठोकळे. ते जोडले की निळं-करडं अंतराळयान होतं. चार अंतराळवीर, एक छोटासा यंत्रमानव आणि चाकांची एक चिमुकली गाडीही मिळते. आता सांगा, हे खोकं कुणासाठी? ‘आमच्यासाठी!’ असं तुम्ही ओरडणार, माहीत आहे मला. पण थांबा. त्या खोक्यावर वय छापलंय १८ वर्षं आणि त्यापुढे! म्हणजे खेळणं आहे, पण कॉलेजात जाणाऱ्या ताई-दादांसाठी, काकांसाठी, अगदी आजोबांसाठीसुद्धा.

आहे की नाही गंमत?

हे यान लेगो या डेन्मार्कच्या कंपनीने २०२२ मध्ये काढलं. नाव ‘गॅलेक्सी एक्सप्लोरर’, म्हणजे आकाशगंगेचा शोध घेणारं यान. कंपनीला त्या वर्षी ९० वर्षं पूर्ण झाली. १९३२ मध्ये बिलुंड नावाच्या लहानशा गावात ओले किर्क ख्रिस्तियान्सेन या सुताराने लाकडी खेळणी करायला सुरुवात केली, तिथपासूनची ही ९० वर्षं. ‘लेगो’ हे नाव ज्या दोन डॅनिश शब्दांवरून केलंय, त्यांचा अर्थ होतो ‘छान खेळ’.

यान नवं असलं तरी रूप मात्र जुनं होतं. याच नावाचं, याच रंगांचं यान १९७९ मध्ये आलं होतं. तेव्हा ज्यांनी ते जोडलं ती मुलं २०२२ मध्ये पन्नाशीच्या आसपास पोचली होती. कुणाचे केस पांढरे झाले होते, कुणाची मुलंच कॉलेजात होती. आणि नवं यान पाहून हीच मोठमोठी माणसं लहान मुलांसारखी हरखून गेली! काहींनी माळ्यावरचं जुनं यान शोधून नव्याच्या शेजारी मांडलं आणि फोटो काढले. काहींनी आपल्या मुलांना शेजारी बसवून ते जोडलं. काहींना लहानपणी ते मिळालंच नव्हतं, दुकानाच्या काचेतून नुसतं पाहिलेलं. त्यांनी ते चाळीस वर्षांनी घेतलं.

असं काय होतं त्या यानात?

१९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला, हे तुम्ही शिकला आहात. त्यानंतर दहा वर्षांनी हे जुनं यान आलं. तेव्हाच्या मुलांच्या डोक्यात रॉकेट आणि चंद्र यांचंच वारं होतं. यानाला निळं-करडं अंग आणि पिवळ्या पारदर्शक काचा. पोटात एक गाडी. खाली मांडायला चंद्रासारखे खड्डे असलेली पाटी आणि यान उतरायला चौथरा. लाल आणि पांढऱ्या पोशाखातले चार अंतराळवीर. प्रत्येकाच्या छातीवर सोनेरी ग्रह आणि चेहऱ्यावर तेच ते हसू.

ही हसरी, हात-पाय हलवणारी माणसं १९७८ मध्ये आली. ती घडवण्यात मोठा वाटा होता येन्स नीगार्ड क्नुडसेन यांचा. लेगोची अंतराळयानंही त्यांच्याच कल्पनेतून उतरली. ते २०२० मध्ये वारले. नवं यान त्यांना पाहायला मिळालं नाही, याची हळहळ पुष्कळांना वाटली.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. त्या यानावर बंदूक नव्हती, तोफ नव्हती. त्या अंतराळवीरांना कुणाशी लढायचंच नव्हतं. जायचं, उतरायचं, गाडी बाहेर काढायची आणि ‘तिकडे काय आहे?’ ते पाहून यायचं. बास!

कौतुक आणि कुरकुर

पण मोठी माणसं नुसती खूश होत नाहीत, ती बारकाईने तपासतात. तशीच इथेही तपासणी झाली.

कौतुक कशाचं झालं? यानावरची अक्षरं आणि खुणा ठोकळ्यांवरच छापलेल्या आहेत, चिकटवायचे कागद नाहीत. कागद वाकडा चिकटला की किती रडू येतं, ते तुम्हाला ठाऊक आहेच. जुन्या यानावरचा ‘एलएल ९२८’ हा क्रमांक नव्यावरही आहे. उतरण्यासाठी आत-बाहेर करणारे पाय आहेत. अंतराळवीरांच्या शिरस्त्राणाचीही चर्चा झाली. जुन्या शिरस्त्राणाची हनुवटीखालची पट्टी इतकी नाजूक होती, की ती हमखास तुटायची. २०१४ च्या लेगोवरच्या सिनेमात बेनी नावाचा निळा अंतराळवीर आहे ना, त्याचं शिरस्त्राण तिथेच तुटलेलं दाखवलंय. ती चूक नव्हे बरं का! ज्यांची लहानपणी तुटली होती, त्यांना हसवण्यासाठीच ते केलेलं. नव्या यानातली पट्टी जाड आहे.

आणि कुरकुर? चंद्राची खड्ड्यांची पाटी नव्या खोक्यात नाही. ‘यान दिलंत, पण उतरायचं कुठे?’ असा प्रश्न जुन्या मंडळींना पडला. दुसरी तक्रार करड्या रंगाची. लेगोने २००४ च्या सुमारास आपला करडा रंग बदलून त्यात किंचित निळसर झाक आणली. जुनं आणि नवं यान शेजारी ठेवलं की तो फरक दिसतो. आपल्याला वाटेल, एवढ्याशा रंगाचं काय ते! पण आजीच्या हातची आमटी आणि खाणावळीतली आमटी यांतला फरक तुम्हाला जिभेवर कळतोच ना? तसंच आहे ते. किंमतीचीही तक्रार होती. अमेरिकेत शंभर डॉलर, म्हणजे त्या वेळच्या भावाने आपले आठ हजारांच्या घरात. खेळण्यासाठी ही रक्कम थोडी नव्हे.

मग पाटी नाही म्हणून लोक रुसून बसले का? छे! पुष्कळांनी घरातले ठोकळे काढले आणि आपापला चंद्र तयार केला. कुणी यानाचे पंख बदलले, कुणी रंग बदलले. ज्या गोष्टीची कुरकुर होती तीच पुढे सगळ्यात जास्त खेळली गेली.

आता थोडं गणित!

पळू नका, सोपं आहे.

जुन्या यानाच्या संचात ३३८ तुकडे होते. नव्यात आहेत १२५४, म्हणजे जवळजवळ पावणेचारपट. पण यानाची लांबी मात्र दीडपटच वाढली आहे. नवं यान सुमारे ५२ सेंटिमीटर लांब. लांबी दीडपट, मग तुकडे पावणेचारपट कसे?

वर्गातल्या गणित पेटीतले सारख्या मापाचे घन घ्या. लांबीला दोन, रुंदीला दोन, उंचीला दोन असा चौकोनी ढीग रचा. किती घन लागले? आठ. आता तिन्ही बाजूंना तीन-तीन लावा. किती झाले? सत्तावीस! बाजू दोनाची तीन झाली, म्हणजे दीडपट. पण घन आठाचे सत्तावीस झाले, म्हणजे तिपटीपेक्षाही जास्त. कारण वस्तू नुसती लांब होत नाही, ती रुंद आणि उंचही होते. ३३८ ला याच हिशेबाने वाढवा, उत्तर ११४० च्या आसपास येईल. उरलेले तुकडे कुठे गेले? पायांत, झोपायच्या जागेत, बारीकसारीक सजावटीत.

आता यान दीडपटच का? याचं उत्तर मला सगळ्यात गोड वाटतं. लहानपणी जे यान दोन्ही हातांत मावत नव्हतं, ते मोठेपणी हातात घेतलं तर एवढंसंच वाटतं. यान तेवढंच असतं, हात वाढलेले असतात. म्हणून आराखडा करणाऱ्यांनी यानही मोठं केलं. मोठ्या माणसाने ते उचललं, की लहानपणी जेवढं वाटायचं तेवढंच मोठं वाटावं!

जुना ठोकळा, नवा ठोकळा

लेगोच्या आजच्या ठोकळ्याची नोंद पेटंटसाठी झाली २८ जानेवारी १९५८ या दिवशी. वर बटणं आणि पोटात नळ्या. बटण नळ्या आणि ठोकळ्याच्या भिंती यांच्यामध्ये घट्ट बसतं, पण ओढलं की सुटतं. दोन शेजारच्या बटणांमधलं अंतर ८ मिलिमीटर. ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर, आणि चपट्या ठोकळ्याची बरोबर तिसरा हिस्सा, ३.२ मिलिमीटर. हे माप इतक्या काटेकोरपणे सांभाळलंय, की १९५८ चा ठोकळा आजच्या ठोकळ्याला बसतो. म्हणजे जुनं यान आणि नवं यान एकमेकांचे तुकडे वापरू शकतात.

याचं मोल मला कसं कळलं, ते सांगते. मी दुसरीत असताना माझ्या बाबांनी मला ठोकळ्यांची एक बादली आणली होती. साधी, आपल्याकडच्याच कुठल्याशा कारखान्यातली. पहिल्याच आठवड्यात दोन ठोकळे पलंगाखाली गेले आणि आईने बादली माळ्यावर टाकली. ‘मोठी झालीस की खेळ,’ म्हणाली. मी मोठी झाले, आणि बादली विसरले. शाळेत शिकवायला लागल्यावर ती मला सापडली. मोठ्या हौसेने वर्गात नेली, वर्गासाठी घेतलेल्या नव्या ठोकळ्यांत मिसळली. पण छे! एकही ठोकळा नव्यात बसेना. माप वेगळं. जुने ठोकळे जुन्यांतही धड बसेनात, सारखे गळून पडायचे. दोन-तीन केसांच्या जाडीएवढा फरक असेल, पण माझं बालपण काही त्या नव्या भिंतीत बसलं नाही.

मोठ्या झालेल्या लेगोवेड्यांमध्ये एक शब्द आहे, ‘अंधारयुग’. खेळणं सुटल्यापासून ते पुन्हा हातात घेईपर्यंतची मधली सगळी वर्षं म्हणजे अंधारयुग! कुणाचं दहा वर्षांचं, कुणाचं तीस. नव्या यानाने कितीतरी जणांचं अंधारयुग संपवलं. माझं मात्र सात वर्षांची असतानाच सुरू झालं होतं.

कपाटातलं विमान

आता आमच्या वर्गातली गोष्ट. चौथीतली एक मुलगी मला म्हणाली, “बाई, माझ्याकडे ठोकळ्यांचं विमान आहे, पण ते काचेच्या कपाटात असतं. आई म्हणते, हात लावू नकोस, मोडेल.”

पालकसभेला तिची आई आली तेव्हा मी विषय काढला. त्या म्हणाल्या, “बाई, मामाने दुबईहून आणलंय. एवढं महागाचं. एक तुकडा हरवला तरी सगळं वाया.” त्यांचंही खोटं नव्हतं. माझ्या आईचंही नव्हतं.

मी त्यांना नव्या यानाची एक गोष्ट सांगितली. त्याच तुकड्यांतून आणखी दोन यानं करायची कृतीही कंपनीने दिलेली आहे. म्हणजे यान मोडा, दुसरं करा. तेही मोडा, तिसरं करा. ज्यांनी ते बनवलं, त्यांनाच ते मोडायला हवं आहे! आणि लेगोचे आठ बटणांचे एकाच रंगाचे फक्त सहा ठोकळे घेतले, तर ते ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ प्रकारांनी जोडता येतात. कपाटातल्या विमानातून यांतला एकच प्रकार दिसतो.

“आणि हरवण्याचं काय?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “जुनी चादर अंथरा. खेळ संपला की चारी कोपरे उचला, सगळे तुकडे मधोमध येतील. तसेच डब्यात ओता.”

पंधरा दिवसांनी ती मुलगी डबा घेऊन वर्गात आली. विमान नव्हतंच त्यात. तिने एसटी स्टँड केला होता. विमानाच्या पंखांचं छप्पर, चाकांची बस, आणि वैमानिक झाला होता कंडक्टर! एक तुकडा हरवला होता खरा. त्याच्या जागी तिने खोडरबर लावला होता.

तेव्हा मुलांनो, या आठवड्यात एक करा. बाबांना, आईला, आजी-आजोबांना विचारा, ‘तुमचं लहानपणीचं आवडतं खेळणं कोणतं? ते कुठे गेलं?’ उत्तर वहीत लिहून ठेवा. जमलं तर ते खेळणं घरातल्याच वस्तूंतून त्यांच्या हाताच्या मापाचं करून द्या. दीडपट मोठं, बरं का!

आणि आई-बाबांनो, तुमच्याही कपाटाची किल्ली एकदा मुलांच्या हाती द्या. मोडेल, नक्की मोडेल. चादर तेवढी अंथरून ठेवा.