पोप्स क्रीकचे स्मारकगृह

अमेरिकेतील व्हर्जिनियात, पोप्स क्रीक नावाच्या ओढ्याकाठी, फेब्रुवारी १७३२ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्म झाला. ते घर १७७९ मध्ये, स्वातंत्र्ययुद्ध चालू असतानाच, जळून खाक झाले. त्याचा आराखडा नाही, समकालीन चित्र नाही, भरवशाचे वर्णनही नाही. तीन-चार वर्षांचा असतानाच वॉशिंग्टनने ते घर सोडले होते. तेव्हा त्याच्या आठवणींचाही आधार मिळण्याजोगा नव्हता.

१८१५ साली वॉशिंग्टनच्या घरात वाढलेल्या कस्टिस या नातवाने तेथे एक शिळा बसविली. १८९६ मध्ये सरकारने तेथेच जन्मस्थळ मानून ग्रॅनाइटचा स्तंभ उभारला. पहिल्याने नोंद करावी आणि पुढच्याने ती तपासल्यावाचून मान्य करावी, हा प्रकार दप्तराशी परिचय असलेल्यांस नवा वाटू नये!

पुढे १९२३ मध्ये जोसेफीन व्हीलराइट रस्ट या बाईंच्या पुढाकाराने एक संस्था निघाली. द्विशताब्दीपूर्वी घर उभे राहिलेच पाहिजे, असा तिचा निर्धार होता. स्तंभ हलवून १९३०-३१ मध्ये त्या जागी इमारत बांधण्यात आली. तेथील मातीच्याच विटा हातांनी पाडल्या. खाली चार, वर चार अशा खोल्या काढल्या. आणि अठराव्या शतकातील सधन मळेवाल्याचे घर कसे असावे, या कल्पनेस रूप दिले. निष्ठेत काही उणे नव्हते. उणे होते ते पुराव्यात.

१९३६ मध्ये उत्खनन झाले. नव्या घराजवळच, पण त्याच्या खाली नव्हे, एक मोठे जोते सापडले. जन्मघर ते हेच असावे, असे पुष्कळांस वाटू लागले. (ते सारे एकाच घराचे होते की काय, यावर पुढे मतभेद झाले.) जोते पुन्हा मातीखाली झाकले आणि जमिनीवर कालवांच्या शिंपल्यांच्या चुऱ्याने त्याची रेखा आखली.

पुण्याच्या शनिवारवाड्याची १८२८ च्या आगीनंतर उरलेली जोती व हौद तसेच ठेवले आहेत. त्यांवरचे मजले पाहणाऱ्याने मनात चढवावयाचे. पोप्स क्रीकला उलट झाले. चुकीच्या जागी बांधलेले घर पाडावे, तर श्रद्धेने दिलेला पैसा व श्रम मातीमोल. ठेवावे, तर इतिहासाशी खोटेपणा. तेथील व्यवस्थेने घर ठेवले, पण त्यास जन्मघर म्हणणे सोडले. आज त्याची ओळख ‘स्मारकगृह’ एवढीच आहे, आणि शिंपल्यांची ती पांढरी रेषा त्याच्या शेजारीच आहे.