घर विकायला काढण्याआधी : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

आई-वडिलांचा डोंबिवलीचा फ्लॅट विकायला काढला, तेव्हा आम्हा भावंडांना ते महिनाभराचं काम वाटलं होतं. स्टेशन चालत दहा मिनिटांवर, पाण्याची ददात नाही, शेजार चांगला. प्रत्यक्षात सात महिने गेले, आणि त्यातले बरेचसे आमच्या चुकीच्या समजुतींपायी गेले. पुढे नात्यातल्या काही घरांच्या व्यवहारांत मी बसले, तर तिथेही त्याच समजुती भेटल्या. राहतं घर विकण्याची वेळ बहुतेक कुटुंबांवर एखाद-दुसऱ्यांदाच येते आणि त्यात आयुष्याची पुंजी असते, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

गैरसमज : जागा मोक्याची असली की घर आपोआप विकलं जातं. साफसफाई, रंगरंगोटी म्हणजे पैसे पाण्यात.

आमच्या फ्लॅटच्या माळ्यावर तीस वर्षांचं सामान होतं. हॉलमध्ये दोन दिवाण, एक शोकेस, वर जाड पडदे. भर दुपारी ट्यूब लावावी लागे. बघायला येणारी माणसं दारातच थबकत, दहा मिनिटांत ‘कळवतो’ म्हणून निघून जात. आम्हाला त्या घरात आईचा हात दिसत होता, त्यांना अंधार आणि अडचण दिसत होती. घर बघणारा माणूस मनात सतत वजाबाकी करत असतो. गळका नळ, न लागणारी कडी, लोंबणारी वायर दिसली की तो दुरुस्तीचा खर्च धरतो, आणि तो खऱ्या खर्चापेक्षा नेहमीच जास्त धरतो. शिवाय जे दिसत नाही तेही असंच दुर्लक्षित असणार, असं त्याला वाटतं.

म्हणून आधी सामान कमी करा. माळे रिकामे करा, ओट्यावर शेगडीशिवाय फारसं काही ठेवू नका, बाल्कनीतली कपड्यांची दोरी काढा, खिडक्यांच्या काचा आणि जाळ्या धुऊन घ्या. नळ, कड्या, स्विच दुरुस्त करा. भिंतींना फिकट रंगाचा हात द्या. फोटो सकाळच्या उजेडात, पडदे बाजूला सारून, खोलीच्या कोपऱ्यातून काढा. आजकाल घर आधी मोबाइलवर बघितलं जातं आणि बरीच घरं तिथेच नाकारली जातात. मात्र नवं मॉड्युलर किचन, नव्या लाद्या यांवर खर्च करू नका. घेणारा स्वतःच्या आवडीने ते बदलतोच, आणि तुमचा खर्च किमतीत क्वचितच भरून निघतो.

गैरसमज : ओलीवर रंग मारला की भागतं.

याबद्दल मला फार कळकळीने सांगायचं आहे. आमच्या बाथरूमशेजारच्या भिंतीला पोपडे आले होते. रंगाऱ्याने पुट्टी भरून दोन हात मारायचं सुचवलं आणि आम्ही ते ऐकलं. पहिल्या पावसात डाग परत उमटला, नेमका व्यवहार ठरत आलेला असताना. ते गिऱ्हाईक गेलं, आणि जाताना आमच्याबद्दल जे बोलून गेलं ते खोटं नव्हतं.

कायदाही याबाबतीत विकणाऱ्याला मोकळा सोडत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ नुसार, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला सर्वसाधारण काळजी घेऊनही कळणार नाही असा महत्त्वाचा दोष सांगणं हे विकणाऱ्याचं कर्तव्य आहे. तेव्हा गळती कुठून येते ते शोधा. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या भिंतीतून येणाऱ्या पावसाच्या पाण्याची दुरुस्ती सोसायटीकडे असते. बाथरूम-संडासच्या आतल्या गळतीचा खर्च संबंधित सदस्यांचा. दुरुस्ती केली असेल तर बिल जपून ठेवा आणि विचारण्याआधीच दाखवा. आमचं घर शेवटी ज्यांनी घेतलं, त्यांनी ते बिल नीट वाचलं होतं.

गैरसमज : शेजारच्या विंगमधला फ्लॅट अमुकला गेला, तेव्हा आपला त्याहून वर जाणारच.

जिन्यात कानावर येतो तो बहुतेकदा मागितलेला आकडा, मिळालेला नव्हे. खरा आकडा नोंदणी झालेल्या दस्ताच्या इंडेक्स टूवर असतो आणि नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर तो शोधता येतो. आपल्याच इमारतीतले किंवा त्याच रस्त्यावरचे अलीकडचे तीन-चार व्यवहार काढून बघा. तुलना करताना क्षेत्रफळ कार्पेटमध्ये आहे की सुपर बिल्टअपमध्ये, हे आधी तपासा. जुन्या करारांत हा घोळ हमखास असतो. आम्ही ऐकीव आकड्यावर विसंबून वाजवीपेक्षा बरंच जास्त मागितलं. पहिल्या काही आठवड्यांत सगळ्यात उत्सुक गिऱ्हाइकं येतात, ती आम्ही त्यापायी घालवली.

रेडी रेकनरचा दर म्हणजे बाजारभाव, हीसुद्धा चुकीची समजूत. तो मुद्रांक शुल्क आकारण्यासाठी सरकारने ठरवलेला दर आहे; करारातली किंमत आणि तो दर यांत जे जास्त असेल त्यावर शुल्क लागतं. करारातली किंमत त्या मूल्याहून फारच कमी असेल, आणि फरक १० टक्क्यांची सवलत ओलांडत असेल, तर विकणाऱ्याचा भांडवली नफाही सरकारी मूल्य धरूनच मोजला जातो.

गैरसमज : एजंट नुसती दलाली खातो. घ्यायचाच तर दहा जणांना सांगावं.

चांगला एजंट काय करतो ते मी जवळून पाहिलं. ज्यांचं कर्ज मंजूर होण्यासारखं नाही त्यांना तो दारापर्यंत आणत नाही. घर दाखवताना तो पुढे असतो, आपण मागे राहतो. हे फार गरजेचं असतं, कारण कुणी ‘किचन लहान आहे’ म्हटलं की आपल्याला लागतं आणि आपण वाद घालतो. घासाघीस आपल्या तोंडून झाली तर तुटते, मध्यस्थाच्या तोंडून झाली तर पुढे सरकते.

दहा जणांना सांगितलं की एकच फ्लॅट दहा जाहिरातींत वेगवेगळ्या किमतींना झळकतो, आणि विकणारा अडलेला आहे असा समज होतो. दोन-तीन महिन्यांच्या बोलीने एकाला, फार तर दोघांना काम द्या. मुंबई-पुण्यात दलाली साधारण १ ते २ टक्के असते. तो प्रघात आहे, कायद्याने ठरवलेला दर नव्हे; म्हणून आकडा आणि पैसे कधी द्यायचे ते आधीच लेखी ठरवा. महारेराने २०२३ पासून एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा आवश्यक केली आहे. रेराची नोंदणीसक्ती मुळात बिल्डर विकत असलेल्या नोंदणीकृत प्रकल्पांसाठी आहे, जुन्या फ्लॅटच्या विक्रीला ती थेट लागू नाही. तरीही नोंदणी असलेला एजंट निवडावा. त्याने निदान नियम वाचलेले असतात.

पण एजंट हा वकील नव्हे आणि सीएही नव्हे. करारनामा वकिलानेच करावा, कराचा हिशेब सीएनेच.

गैरसमज : सोसायटीने एनओसी दिली नाही तर घर विकता येत नाही, आणि नॉमिनी म्हणजेच मालक.

आदर्श उपविधींनुसार हस्तांतरासाठी सोसायटीच्या एनओसीची अट नाही. विकणाऱ्याने १५ दिवसांची पूर्वसूचना द्यायची असते. घेणाऱ्याची बँक मात्र एनओसी मागते, म्हणून थकबाकी आधीच चुकती करा. ‘डोनेशन’च्या नावाखाली लाखभर मागितले जात असतील तर लक्षात ठेवा, महापालिका हद्दीत हस्तांतर अधिमूल्याची कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे.

नॉमिनीचं आमच्याही घरी तेच झालं. बाबांनी धाकट्या भावाचं नाव लावलं होतं, म्हणून सही त्याचीच लागेल असं आम्ही धरून चाललो. नॉमिनेशनने मालकी मिळत नाही, ती वारसांचीच असते. सगळ्या वारसांच्या सह्या किंवा नोंदवलेलं हक्कसोडपत्र लागतं. एखादा वारस परदेशात असेल तर त्याने भारतीय वकिलातीत साक्षांकित केलेलं कुलमुखत्यारपत्र इथे आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करून घ्यावं लागतं. आमचे यात दोन महिने गेले.

गैरसमज : थोडी रक्कम रोख घेतली की कर वाचतो.

स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेता येत नाही. घेतल्यास तेवढाच दंड होऊ शकतो. आणि मुळात कर वाचवायचे सरळ मार्ग आहेत. घर २४ महिन्यांहून अधिक काळ आपल्याकडे असेल तर नफ्यावर १२.५ टक्के कर आहे. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला महागाईचा निर्देशांक धरून २० टक्क्यांचा हिशेबही करता येतो आणि त्यातला कमी कर भरता येतो. दुसरं घर दोन वर्षांत घेतलं, किंवा सहा महिन्यांत ठरावीक रोख्यांत ५० लाखांपर्यंत गुंतवले, तर सवलत मिळते. किंमत ५० लाख किंवा अधिक असेल तर घेणारा १ टक्का टीडीएस कापतो. विकणारा अनिवासी असेल तर ही मर्यादा नसते आणि कपात बरीच मोठी होते. तेव्हा परदेशातल्या भावंडाने व्यवहार ठरण्याआधीच सीएला गाठावं.

तुमच्या मनात घर विकायचं असेल, तर जाहिरात देण्याआधी एका संध्याकाळी कपाट उघडा. शेअर सर्टिफिकेट, पहिल्या खरेदीपासूनचे सगळे करारनामे, इंडेक्स टू, भोगवटा प्रमाणपत्र, मालमत्ता कराची पावती आणि कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र टेबलावर मांडून बघा. कर्ज फेडल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत देणं रिझर्व्ह बँकेने बँकांना बंधनकारक केलं आहे, ते आले आहेत का तेही पाहा. हरवलेल्या नोंदणीकृत कराराची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळते, शेअर सर्टिफिकेटची दुय्यम प्रत सोसायटी देते. दोन्हींना वेळ लागतो, म्हणून अर्ज आजच करा.