दुखणे मनाचे, ओझे लपवणुकीचे

जून उजाडला की मालवणची बाजारपेठ मंदावते. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी, सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, पर्यटक परतलेले. उधारीची वही भरत जाते आणि गल्ला रिकामा राहतो. व्यापाऱ्याला हे दोन महिने नवे नाहीत; पिढ्यान्‌पिढ्या तो ते काढत आला आहे. परंतु ज्या घरात नैराश्याचा किंवा बायपोलर आजाराचा रुग्ण आहे, तेथे याच दिवसांत एक गोष्ट नकळत घडू शकते. ‘आता बरे वाटते, त्यात धंदाही थंड आहे’ असे मनाशी ठरवून तो गोळ्या बंद करतो, आणि घरात कोणाला त्याचा पत्ता नसतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या नोंदींनुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातील होते; राज्यांमध्ये हा आकडा सर्वांत मोठा. या नोंदींत प्रत्येक मृत्यूसमोर एकच कारण लिहिले जाते: कौटुंबिक समस्या, आजारपण, कर्ज. वही लिहिणाऱ्या माणसाला हे सोयीचे वाटेल. पण मनुष्याचे दुःख असे एका खात्यावर टाकता येत नाही. नैराश्य, बायपोलर आजार, स्किझोफ्रेनिया आणि दारूचे व्यसन यांत आत्महत्येचा धोका वाढतो, हे निर्विवाद आहे. तरीही या आजारांचे बहुसंख्य रुग्ण त्या वाटेला जात नाहीत. जे जातात, त्यांच्या बाबतीत आजारावर आणखी काही थर चढलेले आढळतात. पूर्वी केलेला प्रयत्न हा त्यांतील सर्वांत मोठा इशारा. त्याखेरीज अचानक थांबवलेले औषध, देणेकऱ्यांचा तगादा, एकटेपण, झोप उडणे, आणि रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे. हा शेवटचा काळ घरच्यांना ‘सुटलो एकदाचे’ असा वाटतो. प्रत्यक्षात तो फार जपण्याचा असतो.

आपल्या घरांत यावर एक थर आपणच चढवतो: लपवणूक. मुलीची सोयरीक ठरायची आहे, मुलाच्या दुकानाची पत राखायची आहे, म्हणून दुखण्याचे नाव उच्चारायचे नाही. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात कोणी ओळखीचे भेटेल या भीतीने रुग्णाला दूर बांबोळीस किंवा रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात नेले जाते. एकदा नेणे जमते. दर महिन्याला जमत नाही, आणि तेथेच उपचार तुटतो. लपवणुकीमागे प्रेमच असते, हे मी नाकारत नाही. परंतु रुग्ण त्यातून एवढेच शिकतो की आपले असणे ही घराला लाज आहे.

उपचार घराजवळ आला की काय घडते, हे आपल्या शेजारच्या गोव्यात दिसले आहे. १९९६ साली तेथे स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने सामान्य स्त्री-पुरुषांना समुपदेशनाचे प्रशिक्षण देऊन २४ प्राथमिक दवाखान्यांतील एका अभ्यासात त्यांचे काम तपासले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार सरकारी केंद्रांतील रुग्ण अधिक प्रमाणात बरे झाले. पुढे अमरावती जिल्ह्यातील खेड्यांत याच धर्तीवर काम झाले. तेथे आत्महत्येचे विचार मनात येणाऱ्यांचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले. मुख्य काम करणारी माणसे मनोविकारतज्ज्ञ नव्हती, गावातलीच होती.

आता आपल्या आचाराशी निगडित असे दोन मुद्दे, ज्यांविषयी डॉक्टर सहसा विचारत नाहीत आणि आपण सांगत नाही. पहिला औषधाच्या वेळेचा. चौविहार पाळणाऱ्याने रात्रीची गोळी सोडून देण्याऐवजी ती सूर्यास्तापूर्वी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. पुष्कळ औषधांची वेळ बदलता येते. लिथियम घेणाऱ्याने तर पर्युषणात वा दशलक्षणात उपवास धरण्यापूर्वी विचारलेच पाहिजे, कारण शरीरातील पाणी कमी झाले की रक्तातील लिथियमचे प्रमाण वाढून ते विषारी ठरू शकते.

दुसरा मुद्दा नाजूक आहे. वृद्ध आई किंवा वडील जेवण सोडतात, ‘आता मला जायचे आहे’ म्हणतात, आणि घरात कोणी हलकेच संथाऱ्याचे नाव घेते. येथे शास्त्राचेच प्रमाण पाहावे. तत्त्वार्थसूत्राने सल्लेखनेचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘मरणाशंसा’ म्हणजे मृत्यूची इच्छा हा एक आहे. मृत्यूची ओढ हे व्रत नव्हे, तर त्या व्रतातील दोष. भूक जाणे, झोप न लागणे, कशातही रस न उरणे ही नैराश्याची लक्षणे आहेत, आणि सत्तरीतही नैराश्य औषधाने बरे होते. अशा वेळी आधी डॉक्टरांकडे जावे.

रुग्णाला ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे सरळ विचारण्यास लोक कचरतात. विचारल्याने तो विचार मनात येईल, अशी समजूत आहे. तसे होत नाही. उलट, कोणीतरी विचारले याने पुष्कळांना मोकळे वाटते. उत्तर ‘हो’ आले तर उपदेश करू नये, नवकार म्हणण्याचा आग्रहही तेव्हा नको. त्यास एकटे सोडू नये, घरातील औषधांचा साठा आणि बागेसाठी आणलेली रसायने कुलपात ठेवावीत व त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. १४४१६ हा केंद्र सरकारचा ‘टेली-मानस’ क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य चालतो आणि त्यावर मराठीतून बोलता येते. पोलिसांच्या भीतीने प्रयत्न दडपू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशा व्यक्तीस तीव्र तणावाखाली असल्याचे मानले आहे आणि तिच्या काळजीची जबाबदारी शासनावर टाकली आहे. त्याच कायद्याने मनाच्या आजारासही शरीराच्या आजाराप्रमाणे विमासंरक्षण देणे कंपन्यांवर बंधनकारक केले, हेही व्यापारी घरांनी पॉलिसी काढताना ध्यानी धरावे.

रुग्णालयातून माणूस घरी येईल, तेव्हा पुढील भेटीची तारीख लेखी मागून घ्यावी. त्या दिवशी दुकान कोण सांभाळेल आणि त्याच्यासोबत कोण जाईल, हे त्याच संध्याकाळी त्याच्यासमोर ठरवावे.