🌳 *बांधावरचं झाड विकण्याआधी एवढं वाचा*



खरिपाच्या आधी पैशाची नड असते, आणि नेमका तेव्हाच लाकूड व्यापारी बांधावर येतो. "परवानगीचं मी बघतो, तुम्ही फक्त इसार घ्या," असं म्हणतो. इथेच फसगत होते. झाड तुमच्या सातबाऱ्यातलं, म्हणून नोटीसही तुमच्याच नावाने येते. व्यापारी तोवर दुसऱ्या गावात असतो.

*झाड माझं, मग परवानगी कशाला?*
आपल्या खात्यातल्या जमिनीवरचं झाड आपलंच. पण महाराष्ट्रात 1964 च्या झाडे तोडण्याबाबतच्या कायद्यात काही जातींची यादी आहे. त्या जातीचं झाड स्वतःच्या शेतातलं असलं तरी आधी लेखी परवानगी लागते.

*यादीतली 16 झाडं:*
साग, आंबा, चिंच, जांभूळ, फणस, मोह, हिरडा, खैर, चंदन, ऐन, किंजळ, अंजन, तिवस, हळदू, बिबळा, खारफुटी.

बुंध्याशी आग लावून झाड वाळवलं, तरी कायद्याच्या दृष्टीने ती तोडच.

*परवानगी कधी मिळते?*
झाड वाळलेलं, रोगट किंवा वाऱ्याने पडलेलं असेल, पक्व झालं असेल, घराला किंवा माणसाला धोका असेल तर. बदल्यात नवीन झाड लावायची अट घालतात. ती नुसती कागदावर ठेवू नका, रोप खरंच लावा.

*काय करायचं?*
1️⃣ सातबारा, आठ-अ आणि गट नकाशा काढा. सामाईक खातं असेल तर सगळ्यांची लेखी संमती घ्या. भावाभावांत भांडणं इथूनच सुरू होतात.
2️⃣ झाड नक्की कोणाच्या हद्दीत आहे ते बघा. शंका असेल तर आधी मोजणी करून घ्या.
3️⃣ वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज द्या आणि *पोच घ्या*.
4️⃣ परवानगी हातात आल्याशिवाय कुऱ्हाड लावू देऊ नका.

*वाहतुकीचं वेगळं*
तोडीची परवानगी म्हणजे वाहतुकीचा पास नव्हे. यादीत नसलेलं झाड असलं तरी गाडी भरण्याआधी पास लागतो का, ते वन कार्यालयात विचारा. पास नसेल तर माल आणि गाडी दोन्ही अडकू शकतात. शेतातल्या बांबूला मात्र 2017 च्या बदलानंतर वन कायद्यात झाड धरत नाहीत.

*हे लक्षात ठेवा*
▪️ रस्त्याकडेचं आणि गायरानातलं झाड आपलं नाही, ते आपल्या शेताला लागून असलं तरी.
▪️ आदिवासी सभासदांसाठी झाडविक्रीचा 1969 चा वेगळा कायदा आहे. व्यापाऱ्याशी थेट सौदा करू नका, आधी वन कार्यालयात किंवा तहसीलला जा.
▪️ कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका. सौदा लेखी करा, त्यात झाडांची जात, संख्या आणि दर लिहा.

*आजच करण्यासारखं काम:* ई-पीक पाहणी ॲपमध्ये बांधावरची झाडं नोंदवायची सोय आहे. या हंगामात पिकासोबत झाडंही नोंदवा. उद्या परवानगी मागताना "झाड कुठंय?" हा प्रश्न येणार नाही.

आणि एक सांगायचं राहिलं. आंबा-चिंचेचं जुनं झाड दरवर्षी फळ देतं, लाकडाचे पैसे एकदाच मिळतात. इसार घेण्याआधी हा हिशोब घरात बसून करा.

अर्ज लिहायला अडचण असेल तर कागद घेऊन कंपनीच्या कार्यालयात या. मेसेज आपल्या गावच्या ग्रुपवर पाठवा. 🙏

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी