काटा पडतो तेव्हा

जुन्या जीपचा मालक गाडी चालवताना रस्त्यापेक्षा डॅशबोर्डवरचा ऑइलचा काटा जास्त बघतो. सकाळी गार इंजिन सुरू केलं की काटा ताठ उभा. गावाबाहेर जाऊन परत आलं आणि गाडी फाटकासमोर आयडलला सोडली की तोच काटा शून्याकडे झुकलेला. मग मालक आधी तेल बदलतो, त्यानं भागलं नाही की पंप बदलतो, आणि शेवटी मेकॅनिक बदलतो.

संपादकांना जुन्या जीपांवर काहीतरी रंगीत हवं होतं: रॅली, क्रोम, हौशी मंडळींच्या मिशा. त्यासाठी कोल्हापूरला गेलो आणि शिवाजी उद्यमनगरातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये अडकलो. तिथल्या मिस्त्रींना सगळे मामा म्हणतात. समोर एक हाय बॉनेट जीप उभी होती. मालक शेतकरी, वडिलांनी घेतलेली गाडी, काटा पडण्याची तक्रार. रॅली राहून गेली.

अधिकृत इतिहास थोडक्यात असा. विलिस कंपनीचे मुख्य अभियंता बार्नी रूस यांनी जुन्या विलिस मोटारीचं अठ्ठेचाळीस हॉर्सपॉवरचं इंजिन घासूनपुसून साठवर नेलं; ते ‘गो डेव्हिल’ नावानं युद्धातल्या जीपमध्ये बसलं. कैलाशचंद्र महिंद्र यांची अमेरिकेत रूस यांच्याशी गाठ पडली आणि तिथून भारतात जीप आणायची कल्पना निघाली, असं सांगतात. १९४५ सालची ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ फाळणीनंतर १९४८ मध्ये ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाली. भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात जाऊन पुढे गव्हर्नर जनरल झाले. पहिल्या गाड्या लो बॉनेट. पुढे त्याच इंजिनावर नवं हेड आलं. आत येणाऱ्या हवेचे व्हॉल्व्ह वर गेले, धुराचे ब्लॉकमध्येच राहिले. इंजिन उंच झालं म्हणून १९५३ च्या मॉडेलला बॉनेट उंच करावं लागलं. सुंदर म्हणवत नाही. पण पाटबंधारे, पोलीस, साखर कारखाने आणि निवडणुका या सगळ्यांचा भार याच नाकाडानं वाहिला.

मामांचं काम बघताना पहिल्यांदा लक्षात येतं ते हे, की पाना हातात घ्यायची त्यांना घाई नसते. आधी डिपस्टिक. तेलाची पातळी बघितली, मग थेंब दोन बोटांत चोळला आणि नाकाशी नेला. जीपचा पेट्रोल पंप इंजिनालाच लावलेला असतो. त्याचा पडदा फाटला की पेट्रोल गुपचूप तळाच्या तेलाच्या चेंबरमध्ये उतरतं, तेल पातळ होतं आणि काटा पडतो. पातळी मात्र कमी होण्याऐवजी वाढते, आणि मालक खूश असतो की गाडी तेल खात नाही. या गाडीच्या तेलाला वास नव्हता.

दुसरा संशय काट्यावरच. फ्रान्समध्ये यूजेन बूर्दाँ यांनी १८४९ साली पेटंट घेतलेली वाकडी नळी आजही बहुतेक गेजांत असते: दाब आला की ती सरळ व्हायला बघते आणि काटा ओढते. पन्नास-साठ वर्षं धक्के खाल्लेल्या नळीवर विश्वास ठेवून इंजिन उघडणं हा मूर्खपणा. मामा ब्लॉकवरच आपलं गेज लावतात, इंजिन चांगलं तापू देतात आणि मग आकडा वाचतात. जीपच्या जुन्या मॅन्युअलप्रमाणे गरम इंजिनात आयडलला सहा पाउंड आणि दोन हजार फेऱ्यांना वीस पाउंड ही खालची हद्द. या गाडीला आयडलला चार मिळाले.

“गार असताना किती व्हता?” मामांनी विचारलं.

“चाळीस दाखवत होता की, मामा.”

“मग पंप न्हवं, अण्णा. पंपाला गार काय आन् गरम काय.”

थोडं घाईचं विधान आहे, पण दिशा बरोबर. पंप दाब तयार करतो असं आपण समजतो. पंप फक्त तेल ढकलतो. दाब तयार होतो तो पुढे अडथळा असल्यामुळे. बागेतल्या पाइपच्या तोंडावर अंगठा धरला की धार लांब जाते, अंगठा काढला की पाणी पायाशी पडतं. नळ मात्र तोच. इंजिनात हा अंगठा म्हणजे क्रँक आणि बेअरिंग यांच्यातली फट. ती दुप्पट झाली तर तेवढ्याच दाबाला निसटणारं तेल आठपट होतं, कारण गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. केसाएवढ्या झिजेला काटा इतका का घाबरतो, ते इथे कळतं. त्यात तेल तापून पातळ झालं की उरलासुरला अडथळाही जातो.

आणि तरीही क्रँकला तोलून धरतो तो पंपाचा दाब नव्हे. ब्रिटनमध्ये १८८३ साली बीचम टॉवर रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. तेल घालायला त्यांनी वरून भोक पाडलं, तर तेल आत जाण्याऐवजी बाहेर यायला लागलं. लाकडी गुडदी ठोकली, ती उडाली. फिरणारा आसच तेल ओढून फटीत पाचरीसारखं ठासतो आणि तिथला दाब स्वतः तयार करतो. याचं गणित ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये मांडलं. पंपाचं काम एवढंच, की त्या फटीला तेल कमी पडू नये. म्हणून चार पाउंडांवर गाडी लगेच मरत नाही, आणि म्हणूनच मालक वर्षभर तशीच हाकतात.

चेंबर उतरवल्यावर जीपमधली माझी सर्वांत आवडती वस्तू दिसली: तरंगती जाळी. बऱ्याच इंजिनांत तेल ओढणारी जाळी तळाशी घट्ट बसवलेली असते. इथे ती पोकळ डबीला जोडून बिजागरीवर सोडलेली आहे. डबी तेलावर तरंगते आणि पृष्ठभागाच्या जरा खालचं स्वच्छ तेल ओढते. गाळ तळाशी पडून राहतो. कल्पना उत्तम, पण डबीला चीर पडली की ती बुडून गाळात तोंड घालते. ब्लॉकला जिथे ती बसते तिथलं गॅसकेट गेलं तर तेलाबरोबर हवा येते आणि काटा थरथरतो. फेऱ्या वाढवल्यावर काटा पडत असेल तर बहुधा जाळी तुंबलेली. मामांनी डबी कानाशी धरून हलवली. आत तेल नव्हतं. बिजागरी मोकळी, जाळी रॉकेलनं धुऊन लख्ख.

आता त्यांचं खरं हत्यार निघालं. द्राक्षबागेत औषध फवारायचा जुना पितळी पंप, वर गेज जोडलेलं. त्यात तेल भरलं, हवा मारली, पाइप ब्लॉकच्या तेलाच्या वाटेला जोडला. इंजिन बंद, पण आत तेल पोचतंय, तेही दाबानं. मामा पोत्यावर आडवे होऊन टॉर्च घेऊन खाली सरकले. मीही. तीन मेन बेअरिंगांच्या कडेनं थेंब पडत होते, एकामागून एक, मोजता येतील असे. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांनाही तसेच. पोरगा पुढून हँडलनं क्रँक थोडा थोडा फिरवत होता, कारण क्रँकमधलं भोक बेअरिंगच्या भोकासमोर आलं की तेल उगाच जास्त पडतं आणि चांगलं बेअरिंग वाईट ठरतं. क्रँक कुठेही थांबवला तरी थेंबांची गती शहाण्यासारखी राहिली. मागच्या बाजूला, वरून, मात्र धारच लागली होती.

“कॅम,” मामा म्हणाले, आणि थोडा वेळ उठले नाहीत.

हे निदान कुणालाच नको असतं. या इंजिनात कॅमशाफ्ट चार ठिकाणी टेकतो. पुढच्या एकाच ठिकाणी बदलता येणारा बुश आहे. बाकी तिन्ही ठिकाणी कॅम थेट ब्लॉकच्या बिडात फिरतो. बीड झिजायला पिढ्या लागतात, पण झिजलं की बदलायला काही नसतं. ब्लॉक पूर्ण रिकामा करून ती भोकं एका रेषेत बोअर करायची, बुश ठोकायचे, तेलाची भोकं जुळवायची. एक भोक हुकलं तर त्या बेअरिंगला तेलच मिळत नाही.

म्हणून लोक सोप्या वाटा शोधतात, आणि बिघाड त्यांतच वाढतो. रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वायसर टाकायची युक्ती सगळ्या महाराष्ट्रात चालते. तो व्हॉल्व्ह दाबाची वरची मर्यादा ठरवतो. गरम आयडलला तो मुळात बंदच असतो. वायसरनं गार इंजिनाचा आकडा फुगतो, मालकाचं समाधान होतं, गरम आकडा जागच्या जागी राहतो. या गाडीतही दोन वायसर निघाले. दुसरी वाट जाड तेलाची. काटा वर येतो, पण पहाटे गार इंजिनात तेच तेल हेडवरच्या रॉकरपर्यंत बाहेरच्या बारीक नळीतून पोचायला उशीर लावतं.

तिसरी वाट नवा पंप. बाजारात मिळणाऱ्या नकला बऱ्या-वाईट असतात, त्याहून वाईट त्यांच्यासोबतचं गॅसकेट. पंपाच्या झाकणाखालचा कागद जाड असला की रोटर आणि झाकण यांच्यात फट वाढते आणि नवा पंप जुन्यापेक्षा कमी ढकलतो. शिवाय या इंजिनात डिस्ट्रिब्युटर ऑइल पंपाच्या दांड्यावरूनच फिरतो. पंप खुणा न करता ओढला की टायमिंग गेलं. मग गाडी सुरूच होत नाही आणि तेलाची तक्रार मागे पडते.

शुद्ध तेलानंही घात होतो. जुन्या इंजिनात साचलेला काळा थर आजच्या डिटर्जंट तेलानं सुटतो. जीपचा मूळ फिल्टर बायपास जातीचा, सगळं तेल त्यातून जातच नाही. सुटलेला थर फिरत फिरत जाळीवर येऊन बसतो. म्हणून मामा तेल बदलण्याआधी चेंबर उतरवून खरवडतात. घाईच्या मालकाला ही अडवणूक वाटते.

मालकानं शेवटी तो प्रश्न विचारलाच. “मामा, डिझेल टाकू का हिच्यात?”

“टाका की. गाडी चालंल. जीप मातुर न्हाई ऱ्हायची.”

तंत्राच्या बाजूनं या मताला आधार नाही. डिझेल इंजिनं घातलेल्या जीपा वर्षानुवर्षं ऊस वाहत आल्या आहेत. पण मी मामांच्या बाजूचा. ज्या इंजिनाचा आजार पितळी पंपानं आणि टॉर्चनं नेमका कळतो, ते भंगारात घालणं मला पटत नाही. अडचण निदानाची नाहीच. एका रेषेत बोअर करणारी मशिनं कमी उरली आहेत, आणि ज्यांच्याकडे आहेत त्यांना चाळीस नग एकसारखे मिळत असताना एका जुन्या ब्लॉकसाठी अर्धा दिवस सेटिंग परवडत नाही.

ब्लॉक बोरिंगवाल्याकडे गेला आहे. साखर कारखान्यांचं दुरुस्तीचं काम आटोपल्यावर बघतो म्हणालाय. मामांनी बुशसाठी पितळ आधीच आणून दिलंय. तेलाची भोकं कुठे पाडायची त्याच्या खुणा खडूनं ब्लॉकवर केल्या आहेत, आणि त्या पुसल्या जातील म्हणून पंचनंही मारल्या आहेत.