सल्ला देणाराही शिकलेला हवा



बचत गटातून उद्योग उभा करायचा म्हटलं की आपल्या मनात पहिल्यांदा कर्ज येतं. पण आम्ही गटांशी बोलतो तेव्हा निराळीच अडचण ऐकू येते. कर्ज मिळालं, यंत्र आलं, मालही तयार झाला. पुढं काय? शेंगदाणे घातलेले नाचणीचे लाडू खवट होतात, दुकानदार ते परत पाठवतो आणि बँकेचा हप्ता मात्र ठरल्या तारखेलाच भरावा लागतो. अशा वेळी हवा असतो जाणत्याचा सल्ला. उद्योगांना मदत करणाऱ्या संस्थांकडे ही जाण कुठून येते, ते आज समजून घेऊ.

लाडवांचंच बघा. शेंगदाण्यात तेल भरपूर. त्याला हवा, उजेड आणि उष्णता लागली की ते खवट होतं. म्हणजे दाणे एकसारखे भाजायला हवेत, लाडू पूर्ण निवल्यावरच भरायला हवेत, हवा आणि ओल शिरणार नाही अशी पिशवी हवी. लाडू किती दिवस टिकतो हेही अंदाजानं सांगून चालत नाही, ते प्रयोगशाळेत तपासून घ्यावं लागतं. इथं "नवं यंत्र घ्या" असं सांगणारा सल्लागार काय कामाचा? कधी कधी पिशवी बदलणं हीच मोठी सुधारणा असते. पण ते सांगायला आधी नेमकं कारण ओळखता यावं लागतं.

ही ओळख संस्थांना कशी येते? पहिला मार्ग म्हणजे गावातल्याच बाईला शिकवून तयार करणं. केरळमध्ये 1998 साली सुरू झालेल्या कुटुंबश्रीनं स्थानिक महिलांना सूक्ष्म उद्योग सल्लागार म्हणून घडवलं. हिशेब, बाजाराची पाहणी, धंद्याचा आराखडा अशी कामं त्या करून देतात आणि त्यांचं शुल्क घेतात. केंद्र सरकारच्या स्टार्टअप ग्राम उद्योजकता कार्यक्रमातही गावातल्याच व्यक्तींना असं प्रशिक्षण दिलं जातं. सल्ला देणारी आपल्याच बाजारात भाजी घेत असेल, तर ती जपून बोलते आणि पुन्हा विचारायला सापडतेही.

दुसरा मार्ग म्हणजे जाणकारांशी कायमचं नातं. देशातलं पहिलं कृषी विज्ञान केंद्र 1974 साली पुदुच्चेरीत सुरू झालं. आज अशी केंद्रं जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत आणि त्यांतल्या अनेक ठिकाणी गृहविज्ञानाचे तज्ज्ञ असतात. अन्न टिकवण्याच्या अवघड प्रश्नांसाठी म्हैसूरची केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे. संस्थेच्या ताईला सगळंच आलं पाहिजे असं नाही. कोणता प्रश्न कोणाकडे न्यायचा, हे मात्र तिला ठाऊक हवं.

तिसरा मार्ग एकाच विषयात मुरण्याचा. 2020 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख रुपये अनुदानाची तरतूद झाली. त्याबरोबर प्रकल्प अहवाल, बँक आणि अन्नसुरक्षा नोंदणी यांसाठी जिल्हा संसाधन व्यक्तीही नेमल्या गेल्या. तीच तीच कामं करून माणूस तरबेज होतो. पण फाईल मंजूर झाली म्हणजे धंदा चालला असं नव्हे, हे विसरू नये.

चौथा मार्ग साधा आणि सर्वांत दुर्लक्षित: नोंद ठेवणं. महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे आपलं माविम, 1975 साली स्थापन झालं. त्याची लोकसंचालित साधन केंद्रं महिलाच चालवतात. अशा केंद्राशी पुष्कळ गट जोडलेले असतात. एका गटाचे लाडू का खवट झाले, काय केल्यावर टिकले, हे वहीत लिहिलं तर दुसऱ्या गटाचं नुकसान वाचतं. फसलेल्या मालाची नोंदही तितक्याच मोलाची. ती लपवली, तर प्रत्येक गट तीच ठेच नव्यानं खातो.

तेव्हा मैत्रिणींनो, मदत मागायला जाल तेव्हा फक्त "किती कर्ज मिळेल?" एवढंच विचारू नका. आमच्यासारखा माल करणाऱ्या गटाला तुम्ही पूर्वी मदत केली आहे का? त्यांचं काय झालं? तुम्हाला उत्तर येत नसेल तर आम्हाला कोणाकडे न्याल? हे तीन प्रश्न विचारा. विचारणाऱ्या बाया असल्या की संस्थांनाही शिकावंच लागतं.