सेंट पीटर्सबर्ग : एक जुनी राजधानी व तिचे पोथीसंग्रह

संस्कृताच्या अभ्यासकांस सेंट पीटर्सबर्ग हें नांव मुख्यतः कोशामुळें परिचित आहे. बोटलिंक व रोट यांचा सात खंडांचा संस्कृत-जर्मन कोश तेथील शाही विज्ञान-अकादमीनें १८५५ ते १८७५ या काळांत प्रसिद्ध केला. त्या नगराची माहिती आमच्या वाचकांसाठीं येथें थोडक्यांत देत आहों.

स्वीडनशीं युद्ध चालू असतां, १७०३ मध्यें पीटर बादशहानें नेवा नदीच्या मुखाशीं पाणथळ भूमीवर किल्ला बांधण्यास आरंभ केला. तेथेंच नगर वाढलें. १७१२ च्या सुमारास राजधानी मॉस्कोहून येथें आली व मधलीं थोडीं वर्षें वगळतां १९१८ पर्यंत येथेंच राहिली. नगराचें नांव १९१४ त पेत्रोग्राद, १९२४ त लेनिनग्राद व १९९१ त पुनश्च मूळचें झालें. एकाच संग्रहाचा उल्लेख जुन्या-नव्या ग्रंथांत निरनिराळ्या स्थलनामांनीं येतो, तो यामुळें.

प्रवासी येथें येतात ते हिवाळी राजवाडा, त्यांतील हर्मिटाज संग्रहालय, जुना किल्ला व जून महिन्यांतील उजळ रात्री पाहण्यास. १९९० मध्यें युनेस्कोनें नगराचा ऐतिहासिक भाग जागतिक वारशांत गणला. परंतु पोथ्यांच्या शोधकानें नेव्हस्की रस्त्यावरील ग्रंथालय चुकवूं नये. कॅथरिन राणीनें १७९५ त स्थापिलेलें हें ग्रंथालय १८१४ त वाचकांस खुलें झालें. १०५६-५७ मध्यें लिहिलेली ओस्त्रोमीर शुभवर्तमानाची पोथी व व्हॉल्टेअरचा खासगी ग्रंथसंग्रह येथें आहेत. १८१८ त स्थापन झालेल्या एशियाटिक म्यूझियमचा वारसा आज प्राच्य हस्तलिखित संस्थेकडे असून, काशगर येथील रशियन वकील पेत्रोव्स्की यानें मिळविलेलीं संस्कृत हस्तलिखितें तींत जतन केलेलीं आहेत.

या ग्रंथालयाचा पाया मात्र परक्या धनावर घातला गेला. रशियन सैन्यानें १७९४ त वॉर्सा घेतल्यावर तेथील झालुस्की ग्रंथालय उचलून येथें आणलें. १९२१ च्या रीगा तहान्वयें हस्तलिखितें पोलंडास परत गेलीं. पुढें ८ सप्टेंबर १९४१ पासून २७ जानेवारी १९४४ पर्यंत लेनिनग्रादला वेढा पडला. उपासमारींतहि हें ग्रंथालय चालूच राहिलें. इकडे परत गेलेला संग्रह मात्र १९४४ त, वॉर्साचा उठाव मोडल्यावर, जर्मनांनीं बहुतांशीं जाळून टाकला.

यावरून पोथ्या परत द्यावयास नको होत्या असें आम्ही म्हणत नाहीं. लुटीचें धन धन्यास मिळणें न्याय्यच होय. परंतु मालकीचा न्याय व पोथीची सुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जळालेल्या पोथ्यांपैकीं ज्यांची नक्कल वा छापील आवृत्ति अन्यत्र होती, त्यांचाच मजकूर आज उरला. आपल्या दप्तरांची यादी करणें, प्रतिलिपि घेणें व ती दुसऱ्या गांवीं ठेवणें हें काम संग्राहकांनीं उद्यांवर टाकूं नये, एवढीच आमची विनंति आहे.